दोन यंत्रे, एक तार

‘नेट’ या शब्दाने मराठी व्यवहारात इतकी जागा व्यापली आहे की संगणकांचे जाळे आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचेच विस्मरण होऊ लागले आहे. एका घरातले दोन संगणक एकमेकांना जोडले तरी त्यांचे जाळे तयार होते. अशी असंख्य लहानमोठी जाळी एकमेकांत गुंफली गेली की त्या गुंफणीला इंटरनेट म्हणतात. म्हणजे आधी घरचे जाळे आणि मग जगाचे, असा मूळचा क्रम आहे. विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पण एका इमारतीतले संगणक तारेने जोडण्याची ‘इथरनेट’ ही पद्धत त्याच्या बावीस वर्षे आधी, १९७३ मध्ये, रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात मांडली होती. गावाखेड्यांत मात्र हा क्रम उलटला. मोबाईलच्या वाटेने जग आधी घरात आले, आणि घरातल्या दोन यंत्रांची आपसांतली ओळख तेवढी व्हायची राहून गेली. पुढील संवाद या राहून गेलेल्या ओळखीविषयी आहे.

जामनेर तालुक्यातले पहूर हे वाघूर नदीकाठचे, जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव असून पेठ आणि कसबे असे त्याचे दोन भाग आहेत. मुलूख कापसाचा असल्यामुळे बियाणे-खतांचे दुकान आणि सातबारा, दाखले, विम्याचे अर्ज यांची कामे करून देणारे सेवा केंद्र या दोन ठिकाणी माणसांचा राबता असतो. विवेचनाच्या सोयीसाठी येथे असे एक घर कल्पिले आहे की ज्याच्या दर्शनी खोलीत पुतणीचे सेवा केंद्र आहे आणि मागच्या खोलीत आप्पांच्या कृषी केंद्राची बिले आणि उधारीचे खाते सांभाळणारा दुसरा संगणक आहे. दोन यंत्रांमध्ये पंधरा पावलांचे अंतर असून छपाईयंत्र आणि स्कॅनर मात्र एकाच बाजूला, केंद्राच्या मेजावर आहेत. व्यक्ती कल्पित असल्या तरी त्यांचे दोन्ही पक्ष खऱ्या व्यवहारातले आहेत. आणि वय पाहून ज्याने जी बाजू घ्यावी असे वाटते, तसे येथे घडलेले नाही. नव्याचा कैवार आप्पा घेतात आणि तारेचा आग्रह पुतणीचा आहे.

आप्पांचा पहिला आक्षेप सरळ आहे. “ताई, बिलाचा कागद आतल्या संगणकावरून तुझ्याकडे छापायला द्यायचा तर तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की क्षणात येतो; त्यासाठी भिंतीला भोके पाडून तार ओढण्याचे कारण काय? हाताशी तयार रस्ता असताना दुसरा बांधत बसणे हा पैशाचा आणि वेळेचा अपव्ययच नव्हे का?”

पुतणीचे उत्तर त्या तयार रस्त्याची लांबी मोजण्यापासून सुरू होते. “आप्पा, तुमच्या खोलीतून निघालेली फाईल आधी मोबाईल कंपनीच्या मनोऱ्यावर, तेथून दूर कुठेतरी असलेल्या सर्व्हरवर, म्हणजे इतरांच्या मागण्या पुरवत अखंड चालू राहणाऱ्या संगणकावर जाते, आणि मग तोच सगळा प्रवास उलटा करून पंधरा पावलांवरच्या खोलीत उतरते. कागद एकच असेल तर हे जाणवत नाही. पण वर्षभराच्या स्कॅन केलेल्या अर्जांचा दहा गिगाबाइटचा साठा हलवायचा झाला आणि जोडणीचा वर पाठवण्याचा वेग सेकंदाला दहा मेगाबिट असला, तर नुसते चढवायलाच सव्वादोन तास लागतील आणि उतरवण्याचा वेळ वेगळा. तेच काम गिगाबिट तारेवरून, दोन्ही यंत्रांच्या डिस्क धावल्या तर, दोन मिनिटांच्या आसपास आटोपते.”

येथे एका एककाचा खुलासा आवश्यक आहे, कारण बाजारात वेग सांगतात तो बिटमध्ये आणि फाईलचा आकार मोजतात तो बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे ‘शंभरचा वेग’ म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबाइट नव्हेत, तर जास्तीत जास्त साडेबारा. हा आठपटीचा फरक लक्षात न घेतल्याने पुष्कळांना फसवले गेल्यासारखे वाटते.

आप्पा मागे हटत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर कुलूपबंद होऊन जातो, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाही तो वाचता येत नाही, हे त्यांनी ऐकले आहे आणि ते खरेही आहे. पण पुतणीचा मुद्दा रस्त्यातल्या चोरीचा नाहीच. तो रस्त्याच्या दोन टोकांचा आहे. “केंद्रावर येणारा शेतकरी आधारची प्रत, बँकेचे पासबुक आणि सातबारा असे सगळे मेजावर विश्वासाने ठेवतो. ते स्कॅन करून आतल्या संगणकाकडे फोनवरून पाठवले की त्याची एक प्रत पाठवणाऱ्या फोनमध्ये, एक घेणाऱ्या फोनमध्ये आणि एक फोटोंच्या दालनात, घरातल्या लग्नाच्या छायाचित्रांशेजारी, पडून राहते. पुढे तो फोन दुरुस्तीला जातो, मुलांच्या हातात जातो, विकला जातो. शिवाय कागद फोटो म्हणून पाठवला तर ते अ‍ॅप त्याचा आकार कमी करते, आणि मग दाखल्यावरचा बारीक शिक्का पुसट झाल्यामुळे अर्ज परत येण्याची भीती असते.”

२०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे की ज्याची माहिती आहे त्याने ती ज्या कामासाठी दिली त्याच कामापुरती ती वापरली जावी. कायद्याची कलमे सेवा केंद्राच्या मेजापर्यंत कशी आणि किती पोहोचतील हा भाग निराळा; परंतु परक्या माणसाचे कागद घरातल्या घरात हलवता येत असताना ते गावभर फिरणाऱ्या फोनमध्ये साठवणे हे विश्वासाला धरून नाही, याबाबत प्रस्तुत लेखाची भूमिका पुतणीच्या बाजूची आहे आणि ती कायदा नसता तरीही तीच राहिली असती.

पेनड्राइव्हचा पर्यायही आप्पा सुचवतात. तो पूर्णपणे निकामी नाही. परंतु त्यातून एका फाईलच्या दोन आणि दोनाच्या चार प्रती होतात, उधारीच्या खात्यातली कालची नोंद कोणत्या प्रतीत आहे हे आठवावे लागते, आणि चार दुकानांच्या संगणकांना लागून आलेला पेनड्राइव्ह तिथले व्हायरसही सोबत आणतो. आप्पा यावर वाद घालत नाहीत, कारण खतावणीच्या दोन वह्या झाल्या की काय होते हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

मग प्रश्न येतो तो प्रत्यक्ष तारेचा. बाजारात जिला लॅन केबल म्हणतात ती बाहेरून एक दिसत असली तरी तिच्या आवरणाखाली तांब्याच्या आठ बारीक तारा असतात आणि त्या दोन-दोन करून एकमेकींना पीळ घातलेल्या असतात. हा पीळ शोभेसाठी नसतो. शेजारून जाणाऱ्या विजेच्या तारेचा किंवा मोटारीचा जो त्रास एका तारेला होतो तोच तिच्या जोडीदारणीलाही जवळजवळ सारखाच व्हावा, आणि घेणाऱ्या टोकाने दोहोंतला फरक तेवढा मोजल्यामुळे तो त्रास आपोआप वजा व्हावा, अशी ती योजना आहे. टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा आरजे-४५ कनेक्टर बसवताना आवरण बोटाच्या एका पेराएवढेच सोलतात, पीळ शक्य तितका कनेक्टरच्या जवळपर्यंत राखतात, आणि आठही तारा एका ओळीत लावतात: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. नंतर त्या एका रेषेत कापून कनेक्टरच्या खाचांत टोकापर्यंत सरकवतात आणि क्रिम्पिंगच्या पकडीने दाबतात. दाबताना ‘कट्’ असा आवाज होतो आणि धातूचे दाते तारेच्या आवरणात रुततात. एखादी तार टोकाला एका तांदळाएवढी जरी मागे राहिली तरी जोडणी कधी लागते, कधी तुटते, आणि असा अर्धवट दोष शोधणे हे पूर्ण तुटलेली तार शोधण्यापेक्षा कितीतरी किचकट असते. म्हणून नवशिक्याने दोन्ही टोके तयार असलेली केबल आणणेच शहाणपणाचे.

“पण पूर्वी दोन संगणक थेट जोडायला वेगळी, उलटी तार लागत असे, असे आपल्याकडे येणारा मेकॅनिक सांगत होता,” असे आप्पा म्हणतात, आणि त्यांची माहिती जुनी असली तरी चुकीची नाही. जुन्या पद्धतीत पहिली-दुसरी तार बोलण्यासाठी आणि तिसरी-सहावी ऐकण्यासाठी ठरलेली असे. दोन सारखी यंत्रे सरळ तारेने जोडली तर बोलणाऱ्या तारा बोलणाऱ्यांनाच भिडत आणि दोघेही एकाच वेळी बोलत राहून ऐकणारा कोणीच उरत नसे. त्यासाठी एका टोकाला हिरव्या आणि नारिंगी जोड्यांची अदलाबदल केलेली क्रॉसओव्हर केबल वापरत. गिगाबिट जोडणीत चारही जोड्या दोन्ही दिशांनी वापरल्या जातात आणि कोणती जोडी कुठे आहे हे यंत्रे स्वतःच ओळखून घेतात, त्यामुळे गेल्या दीडेक दशकातल्या बहुतेक संगणकांना साधी केबल पुरते. लॅपटॉप पातळ होत गेले तसे अनेकांवरचे केबलचे छिद्रच नाहीसे झाले आहे. तेथे यूएसबीला लागणारा छोटा लॅन अडॅप्टर घ्यावा लागतो, एवढीच एक अडचण.

तार जोडली आणि दोन्हीकडे हिरवा दिवा लुकलुकू लागला तरी जाळे झाले असे होत नाही, हे आप्पांना पटवणे पुतणीला सर्वांत अवघड जाते. कारण विजेच्या बाबतीत तार जोडली की दिवा लागतो, आणि माणूस स्वाभाविकपणे तोच न्याय येथे लावतो. येथे तिला घरच्याच रेल्वेचा दाखला उपयोगी पडतो. पाचोऱ्याहून शेंदुर्णी-पहूरमार्गे जामनेरला जाणारी ५६ किलोमीटरची, लोकांच्या तोंडी ‘पीजे’ म्हणूनच असलेली गाडी ७६२ मिलिमीटर रुंदीच्या अरुंद रुळांवर धावत असे, तर पाचोऱ्यावरून मुंबईकडे जाणारे रूळ १६७६ मिलिमीटरचे. “रूळ दोन्हींकडे लोखंडाचेच, स्टेशनही एकच, पण पीजेचा डबा मुंबईच्या रुळावर चढला नाही आणि मुंबईचा डबा पहूरला आला नाही. उतारूंनी उतरायचे आणि दुसऱ्या गाडीत बसायचे. संगणकांतही तसेच असते, आप्पा. तार म्हणजे नुसती जमीन. रुळांची रुंदी दोघांनी एकच मानली पाहिजे.” या मानलेल्या रुंदीला प्रोटोकॉल, म्हणजे देवाणघेवाणीचे ठरलेले नियम, असे म्हणतात. त्यांतला पहिला नियम पत्त्याचा.

प्रत्येक संगणकाला जाळ्यात चार आकड्यांचा पत्ता असतो आणि त्याला आयपी पत्ता म्हणतात. अशा पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी, म्हणजे जगाच्या लोकसंख्येहून कमी, असल्याने फेब्रुवारी १९९६ मध्ये काही मालिका घरगुती वापरासाठी राखून ठेवण्याची पद्धत कायम करण्यात आली. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकी होत. गल्लोगल्ली ‘राममंदिराजवळ’ हा पत्ता चालतो आणि गावाबाहेर त्याचा उपयोग नसतो, तसेच हे पत्ते घराबाहेर निरर्थक ठरतात, आणि म्हणूनच ते लाखो घरांत एकाच वेळी बिनधोक वापरता येतात. पुतणी आपल्या संगणकाला १९२.१६८.५०.१ आणि आप्पांच्या संगणकाला १९२.१६८.५०.२ असा पत्ता हाताने देते. यंत्रात हे आकडे अर्थातच इंग्रजी लिपीत टंकावे लागतात. त्याखाली सबनेट मास्क नावाची २५५.२५५.२५५.० ही खूण असते. पत्त्याचे पहिले तीन आकडे गल्लीचे आणि शेवटचा घराचा, असे ती यंत्राला सांगते.

“पन्नास हा आकडा कशासाठी?” हा आप्पांचा प्रश्न साधा वाटला तरी पुष्कळ घरगुती जोडण्या नेमक्या येथेच फसतात. बाजारातले बरेचसे राउटर, म्हणजे घराच्या जाळ्याला बाहेरच्या जाळ्याशी जोडणारी यंत्रे, १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ही मालिका आधीच वापरत असतात. तारेसाठी तीच मालिका निवडली तर संगणकाला एकाच नावाच्या दोन गल्ल्या दिसतात आणि निरोप कोणत्या गल्लीत न्यायचा हे त्याला उमगत नाही. त्याच कारणाने ‘गेटवे’, म्हणजे गावाबाहेर पडण्याची वेस, हा रकाना तारेच्या जोडणीत कोराच ठेवतात. तसे केले की फाईल तारेवरून जाते आणि इंटरनेट पूर्वीप्रमाणे वाय-फायवरून किंवा डोंगलवरून चालू राहते. पत्ते हाताने दिलेच नाहीत तर संगणक स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतात आणि त्यावरही दोघांचे बोलणे होऊ शकते. पण तो पत्ता बदलू शकतो, आणि ज्याचे घर बदलत राहते त्याच्याकडे रोज कागद पोहोचवणे कठीण.

पत्ते दिल्यावर हाक मारून पाहायची. त्यासाठीची ‘पिंग’ ही आज्ञा अमेरिकन संगणकतज्ज्ञ माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. ती समोरच्या पत्त्यावर एक लहानसा निरोप धाडते आणि उत्तर किती वेळात आले ते सांगते. घरातल्या तारेवर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येते. उत्तर आले नाही तर दरवेळी तारेलाच दोष देऊ नये, कारण विंडोज अनोळखी जाळ्याला ‘पब्लिक’, म्हणजे चव्हाट्यावरचे, समजून दार लावून घेते. ते जाळे ‘प्रायव्हेट’, म्हणजे घरचे, असल्याचे सांगून फाईल आणि प्रिंटर यांची वाटणी सुरू केली की दार किलकिले होते.

“घरातल्या घरात दाराला कुलूप कशाला?” असे आप्पा विचारतात तेव्हा पुतणी थोडी गंभीर होते. वाटायचा तो एकच फोल्डर, अख्खी डिस्क कधीच नाही. आणि त्या फोल्डरलाही वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड असलाच पाहिजे, असे तिचे म्हणणे आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातले संगणक बंद पाडले, तो विंडोजमध्ये फाईल वाटून घेण्याच्या एसएमबी या पद्धतीच्या जुन्या आवृत्तीतील दोषातूनच एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरला होता. त्याआधी दोन महिने दुरुस्ती उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. “दोन यंत्रे जोडली की एकाचा आजार दुसऱ्याला लागण्याची वाटही आपणच तयार करतो, आप्पा, म्हणून तुमचाही संगणक वेळच्या वेळी अपडेट झाला पाहिजे, केवळ आमचा होऊन भागणार नाही.”

आप्पांचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो तो येथे, आणि तो या लेखाला निर्विवाद मान्य आहे. “समज, वीज एकदम वाढून आली आणि दोन्ही संगणक जळाले. गावात हे घडत नाही असे नाही. तुझी तार काय वाचवील? क्लाउडवर ठेवलेले खाते मात्र जळगावात बसूनही उघडता येईल.” क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या, दूर असलेल्या संगणकांवर भाड्याने किंवा फुकट मिळालेली साठवणुकीची जागा. तारेने जोडलेले दोन संगणक ही एकाच छपराखालची दोन कपाटे आहेत, आणि आगीला किंवा चोराला दोन्ही सारखीच. त्यांना जतन म्हणणे ही फसवणूक ठरेल. पुतणी हे मान्य करते आणि दोहोंची कामे वाटून घेते. आप्पांचे उधारीचे खाते, जे त्यांचे स्वतःचे आहे, ते क्लाउडवर जरूर जावे. लोकांचे कागद मात्र काम होईपर्यंत घरातल्या फोल्डरमध्ये राहावेत आणि काम झाल्यावर पुसले जावेत. या वाटणीत दोघांपैकी कोणाचाच पूर्ण विजय नाही, पण कोणत्या वस्तूवर कोणाचा हक्क आहे या प्रश्नापासून ती निघते, यात तिचे बळ आहे.

वाय-फायचा मुद्दा मग थोडक्यात निकाली निघतो. राउटर असेल तर दोन्ही संगणक बिनतारी जोडता येतात आणि फोनही त्यात सामील होतो, ही सोय खरी. पण खानदेशातल्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंतींतून लहरी दमतात, विशेषतः ५ गिगाहर्ट्झच्या, आणि राउटरची वीज गेली की दोन चार्ज असलेले लॅपटॉपही मुके होतात. तारेला मधल्या कोणत्याच यंत्राची गरज नसल्यामुळे भारनियमनातही दोन लॅपटॉप बोलत राहतात. छपाईयंत्राला वीज लागतेच, तो भाग वेगळा. पण वीज असताना आप्पांनी आतून दिलेले बिल बाहेरच्या यंत्रावर छापून निघते, आणि इथरनेटचा मूळ जन्मही असाच, पुष्कळ संगणकांना एक लेझर छपाईयंत्र वापरता यावे या गरजेतून झाला होता.

आप्पा शेवटी विचारतात ते त्यांच्या व्यापाराला धरून. “मग हीच तार पेठेतून कसब्यातल्या गोदामापर्यंत नेली तर तिथला मालसाठाही इथूनच दिसेल ना?” नाही, असे पुतणी सांगते. तांब्याच्या या केबलची मर्यादा शंभर मीटर आहे. त्यापुढे संकेत क्षीण होतो, आणि उघड्यावरून, छपरांवरून नेलेली तांब्याची तार पावसाळ्यात विजेचा लोळ घरात आणू शकते. दोन वेगळ्या इमारतींसाठी काचेचा तंतू, म्हणजे ऑप्टिकल फायबर, हवा, कारण त्यातून प्रकाश जातो, वीज नव्हे. हाच तंतू ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचवण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली आणि तिला पुढे भारतनेट हे नाव मिळाले. गोदामाचा प्रश्न त्या तंतूच्या वाटेचा आहे. पंधरा पावलांसाठी मात्र वीस मीटर केबल पुरेल. ती विजेच्या वायरिंगपासून वीतभर दूर, उंदरांच्या भीतीने प्लास्टिकच्या पट्टीत, आणि दोन्ही टोकांना हातभर मोकळी सोडून बसवावी, म्हणजे मेज हलवले तरी ओढ बसणार नाही.